ताईचा तांब्या

मी एक जुना तांब्या आहे. नावाप्रमाणे खरोखर तांब्याचा. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली स्टीलच्या आणि प्लास्टिकच्या भांड्यांनाही लोक तांब्या म्हणतात आणि तीही खुशाल ओ देतात. माझ्या पोटाला डाव्या बाजूस एक जुना पोचा आहे आणि बुडाला एक ठिगळ आहे. गोल भांड्याला डावी-उजवी बाजू नसते, असे तुम्ही म्हणाल. पोचा पडला की असते.

मित्रांनो, तुम्ही कधी माझ्या आत बसून वर पाहिलेले नाही, म्हणून सांगतो. आतून जग गोल दिसते. छताचा एक वाटोळा तुकडा, नाहीतर आभाळाचा एक वाटोळा तुकडा, आणि मधूनच वाकून बघणारा एखादा चेहरा. माणसे मी अशी ओळखतो, खालून वर. तहानलेला माणूस भांड्यावर वाकला की त्याला चेहरा सांभाळायचे भान राहत नाही. मोठमोठी माणसे मी अशी पाहिली आहेत आणि ती सगळी लहान मुलांसारखी दिसतात.

आणखी एक गंमत सांगतो. ज्या भांड्यात पाणी मुक्कामाला राहते, त्याला स्वप्ने पडतात. पाणी जिथून आले असेल तिथली. विहिरीचे पाणी दगडांची आणि शेवाळाची स्वप्ने आणते. नदीचे पाणी वाटांची. नळाच्या पाण्याचे स्वप्न म्हणजे लांबलचक काळोख आणि शेवटी एकदम उजेड. रिकाम्या भांड्याला मात्र स्वप्न पडत नाही. हे लक्षात राहू द्या.

माझा जन्म तांबटाच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एकच खोली. आत भट्टी, लाकडाचे ठोकळे आणि दिवसभर ठोकाठोक. मी आधी एक सपाट पत्रा होतो आणि मला कसलीच आठवण नव्हती. तांबटाने मला तापवले, ठोकले, पुन्हा तापवले, पुन्हा ठोकले. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नको होते, तरी घाव काही चुकले नाहीत. हळूहळू माझ्या मधोमध एक पोकळी तयार झाली. तांबट मला डोळ्यांसमोर धरून निरखत बसे. मला वाटे, तो माझी चमक पाहतो आहे. तो पोकळी पाहत असे. पाणी तीच धरणार होती, मी नुसता तिच्याभोवती उभा राहणार होतो.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका सडपातळ माणसाने मला विकत घेतले. त्याने मला उन्हात फिरवून फिरवून पाहिले.

"एवढं काय बघताय?" तांबट म्हणाला. "एक थेंब गळला तर परत आणा."

"गळणार नाही हो. घरात दोन पोरं आहेत, त्यांच्या हाती टिकेल का ते बघतोय."

ते घर जिन्यावरच्या दोन खोल्यांचे होते. दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा होता, तो मला मिळाला. खिडकीपाशी शिवणयंत्र होते. या मुलांची आई आधीच गेलेली होती आणि तिच्या यंत्रावर आता थोरली मुलगी बसत असे. तिला सगळे ताई म्हणत, तिचे बाबासुद्धा. धाकट्याला ती चिमण्या म्हणे, कारण तो चिमणीसारखा घोट घोट पाणी पिई आणि चिमणीसारखीच त्याची बडबड चाले. सावलीला भूक लागते का? झोपल्यावर आपण कुठे असतो? पाणी ओले असते तर त्याला पुसायचे कशाने? ताई उशांचे अभ्रे शिवता शिवता म्हणे, "अरे, जरा श्वास घे. प्रश्न कुठे पळून जात नाहीत." ती मला रोज राखेने आणि लिंबाच्या सालीने घासायची आणि घासताना काहीतरी गुणगुणायची. माझे ते दिवस सुखाचे होते.

एका सकाळी बाबा छापखान्यात गेले आणि दुपारी चार माणसे त्यांना उचलून घेऊन आली. खोल्या माणसांनी भरून गेल्या. सगळे ताईशी बोलत होते, हळू आवाजात, काय काय करायचे ते सांगत होते. चिमण्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. तो माझ्या कोनाड्याखाली उभा राहून रडत होता आणि एकच विचारत होता, "ताई, बाबा इथेच आहेत ना? मग ते बोलत का नाहीत? बाबा कुठे गेले?"

ताई माणसांमधून वाट काढत आली. तिने मला खाली घेतले.

"आधी पाणी पी," ती म्हणाली, "मग सांगते. ओंजळ धर."

त्याने ओंजळ धरली. ती ओतत राहिली आणि तो हुंदके देत पीत राहिला. तेवढ्यात तिला कुणी तरी हाक मारली. तिने मला त्याच्या हातात दिले आणि ती गेली. त्याचे हात ओले होते. मी निसटलो आणि उंबऱ्यावर आपटलो. हा पोचा त्या दुपारचा आहे. ताई धावत आली, पण रागावली नाही. तिने मला उचलून कोनाड्यात ठेवले आणि ती पुन्हा माणसांत गेली. जे सांगायचे ते सांगायचे राहून गेले.

त्यानंतर त्याने तो प्रश्न ताईला कधी विचारला नाही. पण रोज पाणी पिताना तो माझ्यात वाकला की मला तो प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसत असे. तो मोठा झाला, शाळेत शिकवू लागला, त्याला मिशा आल्या, आणि मिशांच्या मागे तोच मुलगा होता.

मग एके दिवशी त्याने नोकरी सोडली. ताईच्या यंत्राचे पायडल थांबले. ती रडली-बिडली नाही. माझ्या ताईला आधी काम सुचायचे, रडणे नंतर.

"कुठे निघालास?"

"उत्तर शोधायला."

"कुठे मिळतं ते?"

"ठाऊक असतं तर शोधायला कशाला लागलं असतं?"

ताईने त्याच्यासाठी पिशवी भरली. शेवटी तिने मला कोनाड्यातून काढले, पुसले आणि पिशवीत घातले. "वाटेत कुठलंही पाणी पिऊ नकोस, बघून पी. आणि हे बघ, तांब्या उसना देतेय. घरात धड तांब्या हा एकच. परत आणून द्यायचा."

"उत्तर मिळालं की सगळ्यात आधी तुलाच येऊन सांगेन, ताई. तेव्हा तांब्याही आणेन."

"तांब्या आधी," ताई म्हणाली. "उत्तर सावकाश आण."

मित्रांनो, माझे सगळे आयुष्य या तीन-चार वाक्यांत आहे. बाकी सगळी पायपीट.

आम्ही पुष्कळ हिंडलो. आधी तो एका मोठ्या पंडितांच्या घरी राहिला. त्या घरात भिंती दिसत नसत, नुसती पुस्तके दिसत. पंडितांना जन्म आणि मरण यांबद्दल विचारले की ते डोळे मिटून धबधब्यासारखे बोलत. आपण म्हणजे हा देह नव्हे, जे खरे आपण आहोत ते जन्मत नाही आणि मरत नाही. त्याने ते सगळे पाठ केले. त्याला वाटले, मिळाले उत्तर. मीही मनातल्या मनात घरी जायची तयारी केली. मग एका हिवाळ्यात पंडितांची बायको वारली. संध्याकाळी पंडित ओट्यावर बसले होते. माझा धनी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेला, तेव्हा त्यांनी माझ्यात वाकून पाहिले आणि अगदी बारीक आवाजात विचारले, "आता ती कुठे गेली असेल रे?"

त्याने त्यांना पाणी पाजले आणि रात्रभर त्यांच्याजवळ बसून राहिला. दिवस कार्य आटोपल्यावर आम्ही तिथून निघालो.

मग डोंगरावरचे मौनी बाबा. ते बोलतच नसत. त्यांच्या झोपडीजवळ एक बारीक झरा होता आणि रोज त्यातून मला भरून आणणे ही त्याची सेवा. पंडितांकडे सगळी उत्तरे होती, यांच्याकडे एकही नव्हते, आणि तरी यांच्याजवळ बसले की त्याचा श्वास संथ होई. मौनी बाबा इतक्या वर्षांत एकदाच बोलले आणि तेही माझ्याबद्दल. "तांब्यावर झाकण ठेवत जा," ते म्हणाले, "पाला पडतो." एवढे बोलून ते पुन्हा गप्प झाले. मला आजही त्याचा अभिमान आहे. काही काळाने ते बसल्या बसल्या गेले, जसे काही उठून शेजारच्या खोलीत गेले.

आता ऐका. ते गेल्यानंतरची ती सकाळ. त्याने मला झऱ्याखाली धरले आणि तो धरूनच राहिला. मी भरलो. मी भरून वाहू लागलो. सूर्य डोंगराच्या मागून वर आला आणि माझ्या तोंडात उतरला. झऱ्याचे पाणी कुठे संपते आणि माझ्यातले कुठे सुरू होते, ते मला कळेना. त्याचा हात कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो, तेही कळेना. वारा पडला होता. एक पान तरंगत आले आणि माझ्या काठावरून पुढे गेले. मी जागेपणी पाहिलेले ते एकच स्वप्न. किती वेळ गेला ते झऱ्याला ठाऊक. मग तो माझ्यात वाकला आणि मी दचकलो. त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न नव्हता. तो अगदी हळू म्हणाला, "अरे, हे तर इथंच होतं की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी म्हण आहे. कळसा नसेन, पण काखेत मीच होतो, म्हणून मला ती फार पटते.

तो मला घेऊन डोंगर उतरू लागला. मला वाटले, आता घर. आता ताई. आता राखेने स्वच्छ घासणे. त्यालाही तेच वाटत होते, कारण तो चालता चालता शब्द जुळवून बघत होता. "ताई, असं बघ..." म्हणायचा आणि थांबायचा. पुन्हा "ताई, समजा की..." आणि पुन्हा थांबायचा. त्याने जे पाहिले होते ते वाक्यात बसत नव्हते.

डोंगराच्या पायथ्याशी एक बाई दगडावर बसून रडत होती. तिचा नवरा गेला होता. माझ्या धन्याला बघताच ती म्हणाली, "बाबा, तुम्ही वरून आलात, तुम्हाला ठाऊक असेल. तो कुठे गेला?"

त्याने मला तिच्यापुढे धरले. "आधी पाणी पी," तो म्हणाला, "मग बोलू."

ती पाणी प्यायली. तो तिच्याजवळ बसून राहिला. फारसे बोलणे झालेच नाही, पण दिवस कलला तेव्हा ती उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती आपल्या शेजारणीला घेऊन आली. शेजारणीने भावाला आणले. अशी माणसे येत राहिली आणि प्रत्येकाला तो तेच म्हणे, "आधी पाणी पी, मग बोलू." मी दिवसभरात किती ओंजळींत रिकामा होई आणि पुन्हा भरला जाई, त्याला गणती नाही. माझ्या आयुष्यातले हे सोन्याचे दिवस. फक्त रात्री निजताना तो म्हणे, "उद्या ताईकडे जायचं." उद्या उजाडला की दारात कुणी तरी रडत उभे असे. आम्ही तो पायथा काही ओलांडला नाही.

झोपडीची पडवी झाली, पडवीचे सभागृह झाले, सभागृहाभोवती मठ झाला. माझ्या चिमण्याला लोक महाराज म्हणू लागले. मठाचे एक सचिव होते. फार प्रेमळ, फार नेटके. महाराजांचे वाक्य पुरे व्हायच्या आत ते "बरोबर, बरोबर" म्हणत, म्हणून त्यांना पाठीमागे सगळे बरोबरकाका म्हणत. महाराजांनी काहीही म्हटले तरी त्यात खोल अर्थ असतो, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. महाराज म्हणाले, "खिडकी लावा, वारा येतोय," तर काका इंद्रियांच्या खिडक्यांवर सगळ्यांना समजावून सांगत. खिडकी उघडीच राहायची आणि महाराजांना सर्दी व्हायची.

"आधी पाणी पी" हे वाक्यही काकांच्या तावडीतून सुटले नाही. त्याचा विधी झाला. पाणी म्हणजे ज्ञान, आधी म्हणजे अहंकाराच्या आधी, असे काही तरी. लोक तहान नसताना रांगेत उभे राहून डोळे मिटून पाणी पिऊ लागले. आणि ज्या तांब्यातून हे सगळे सुरू झाले तो झिजून जाऊ नये, चोरीला जाऊ नये, म्हणून त्यांनी मला काचेच्या पेटीत बसवायचे ठरवले.

हे लोक वाईट नव्हते हो. मला स्पर्श करताना त्यांचे डोळे भरून येत. त्याच भरल्या डोळ्यांनी त्यांनी मला चमकदार लाखेचा हात दिला, म्हणजे पुन्हा कधी घासायला नको. त्याच भरल्या डोळ्यांनी त्यांनी माझ्या बुडाला भोक पाडले आणि मला संगमरवरी दगडावर स्क्रूने घट्ट बसवले. महाराज तेव्हा काही दिवस वर झऱ्यापाशी गेले होते. परत आले तेव्हा मी काचेत होतो आणि भोवती फुले होती. भोक कुणालाच दिसत नव्हते, कारण मीच त्याच्यावर बसलो होतो.

काचेतली ती वर्षे मी काय सांगू. लोक माझ्यापुढे वाकत, पण माझ्यात कुणी वाकत नसे. पाणी नव्हते, म्हणून स्वप्न नव्हते. एक पांढरे छत तेवढे दिसे, आणि तेही लाखेच्या वासात.

मग एके दिवशी आमच्या जुन्या गल्लीतला कापडवाला दर्शनाला आला. म्हातारा झाला होता. पाया पडून झाल्यावर तो संकोचत म्हणाला, "महाराज, ताईंना मीच कापड देत आलोय. हल्ली डोळ्यांनी फारसं दिसत नाही त्यांना. शिवणं बंदच झालंय म्हणा. पण मी इकडे येणार म्हटल्यावर म्हणाल्या, विचार त्याला, तांब्याचं काय झालं?"

महाराजांनी काचेकडे पाहिले. "अजून आठवतं तिला?"

"आठवतं म्हणजे? कोनाडा रिकामा ठेवलाय. मी एकदा पिशवी ठेवली तिथे, तर केवढ्यांदा ओरडल्या माझ्यावर."

त्या संध्याकाळी महाराजांनी बरोबरकाकांना बोलावले. मी काचेतून ऐकत होतो.

"तो तांब्या माझा नाही. उसना आणलेला आहे. परत द्यायचाय."

"बरोबर, बरोबर," काकांनी हात जोडले. "सगळंच उसनं आहे, महाराज. हा देहसुद्धा."

"देह नाही हो. तांब्या. ताईचा आहे."

"बरोबर. आदिमायेचा."

"माझ्या थोरल्या बहिणीचा," महाराज म्हणाले. "शिवणकाम करते ती."

"सगळं विश्व शिवणारी," काका पुटपुटले आणि त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीवर सोनेरी अक्षरांत पाटी लागली, 'उसने परत करा'. लोक ती वाचून माना डोलवत आणि पुढे जात. माझ्या धन्याने ती पाटी पाहिली आणि तो हसला, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचले नाही. ताईचे वय आता एवढे झाले होते की उद्या-परवावर काही ढकलण्यासारखे उरले नव्हते. हे त्याला कळत होते आणि मलाही.

दुपारची वेळ होती. जेवणे होऊन सगळे पंख्याखाली लवंडले होते. सभागृहात मठाचा वायरमन शिडीवर चढून दिवा बदलत होता. महाराज त्याच्यापाशी गेले.

"स्क्रू ड्रायव्हर आहे का रे?"

"काय उघडायचंय, महाराज?"

"तांब्या. बहिणीला परत द्यायचाय."

"मग थांबा, मी काढून देतो," वायरमन म्हणाला आणि शिडी उतरला. एवढ्या मोठ्या मठात त्या वाक्याचा जेवढा अर्थ होता तेवढाच घेणारा तो एकटा निघाला.

स्क्रू फिरला, मी सुटलो, आणि माझ्या आत खालून उजेड आला. मला काही कळेना. आजवर उजेड नेहमी वरून येई. मग वरून चिमण्याचा चेहरा दिसला, आणि खालच्या भोकातून वायरमनचा. 

"भोक पाडलंय हो," वायरमन म्हणाला.

महाराज तिथेच पायरीवर बसले. मला मांडीवर घेऊन त्यांनी भोकावरून बोट फिरवले. मी त्यांना पंडितांच्या ओट्यावर पाहिले आहे, झऱ्यावर पाहिले आहे, हजार लोकांपुढे बोलताना पाहिले आहे. इतके असहाय कधी पाहिले नव्हते. "एकच तांब्या दिला होता तिने," ते म्हणाले. "तोही धड ठेवता आला नाही."

"ताईंना माझा नमस्कार सांगा," वायरमन म्हणाला.  तेवढ्याने महाराज उठले.

त्यांनी मला टॉवेलात गुंडाळले आणि ते भर उन्हात फाटकातून बाहेर पडले. चोरून नव्हे, राजरोस. फाटकावरच्या रखवालदाराने हात जोडले. "गाडी काढायला सांगू?"

"नको. ताईकडे चाललोय."

रखवालदाराने आणखी खाली वाकून नमस्कार केला. त्यालाही ती कुठली तरी देवी वाटली असावी.

बसच्या थांब्यावर त्यांना तहान लागली. सवयीने त्यांनी मला नळाखाली धरले. पाणी आले, माझ्या आत फिरले, मला अगदी पुसटसे काही तरी दिसू लागले, आणि ते सगळे भोकातून त्यांच्या पायांवर सांडून गेले. शेजारी उभी असलेली एक पोरगी म्हणाली, "आजोबा, तुमचा तांब्या फुटकाय."

"हो ग," ते म्हणाले. "लोकांनी फार जपला."

गल्ली रुंद झाली होती, दुकाने बदलली होती. जिना तोच होता. दार लोटलेले होते. ताई यंत्रापाशी बसली होती, पण यंत्रावर कापड नव्हते, नुसते हात होते. खाली जमिनीवर पाण्याचा एक प्लास्टिकचा जग होता. कोनाडा रिकामा होता आणि स्वच्छ पुसलेला होता.

"कोण?" ताईने विचारले.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

मित्रांनो, या एका प्रश्नावर महाराज मठात तासन्‌तास बोलत असत.  आता ते एवढेच म्हणाले, "चिमण्या."

ताईने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर काय काय आले आणि गेले ते मी टॉवेलाच्या फटीतून पाहिले. पण ती काय म्हणाली असेल?

"तांब्या आणलास?"

त्याने मला तिच्या हातात दिले. तिची बोटे आधी माझ्या काठावरून फिरली, मग पोटावरून. पोचा लागला तशी ती थांबली आणि तिने तिथे अंगठा टेकवला. "हाच," ती म्हणाली. मग बोटे आणखी फिरली. "हे गुळगुळीत काय फासलंय याला? घासायचा आळस रे तुमचा सगळ्यांचा." मग बोटे आत उतरली, बुडाशी गेली आणि भोकाशी थबकली.

 मी अंग चोरून बसलो.

"ताई, चूक झाली," तो म्हणाला. "जिथे राहत होतो तिथल्या लोकांनी... फार मानायचे ग. काचेत बसवलं होतं."

"कुणाला? तांब्याला, का तुला?"

"दोघांना."

ताई हसली. तिचे हसू तेच होते, यंत्राच्या आवाजासारखे, आधी सावकाश आणि मग थांबतच नाही असे. "बस खाली. घसा कोरडा पडलाय तुझा, आवाजावरून कळतंय."

तिने चाचपडत जग उचलला आणि मला भरले. भोकावर तिने खालून बोट दाबून धरले, तेच बोट, सुईने टोचून टोचून जाड झालेले. एक थेंब गळला नाही.

"ओंजळ धर," ताई म्हणाली.

त्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने जमिनीवर बसून ओंजळ धरली. ती ओतत राहिली, तो घोट घोट पीत राहिला. आणि पिता पिता त्याला काही तरी आठवले. त्याने वर पाहिले.

"ताई, बाबा गेले त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, ते कुठे गेले. तू म्हणाली होतीस, आधी पाणी पी, मग सांगते."

"हो. म्हटलं होतं."

"सांग ना मग. काय सांगणार होतीस?"

ताईने मला मांडीवर ठेवले. बोट अजून भोकावरच होते.

"मला तरी कुठे ठाऊक होतं रे?" ती म्हणाली. "मी केवढी होते तेव्हा. तू रडत होतास आणि तुझे ओठ सुकले होते. तेवढंच दिसत होतं मला."

तो तिच्याकडे बघत राहिला. डोंगराखाली त्याने ज्यांना ज्यांना पाणी दिले ते सगळे त्याला त्या क्षणी आठवले असावेत, कारण त्याच्या ओठांवर ते वाक्य नुसतेच हलले. आधी पाणी पी. ते कुणाचे होते हे इतकी वर्षे त्याच्या लक्षातच आले नव्हते. मग तो रडू लागला, अगदी त्या दुपारसारखा, आणि ताईने एका हाताने त्याचे डोके थोपटले. दुसरा हात तिने माझ्या बुडावरून काढला नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. जुन्या तांबटाच्या मुलाने माझ्या बुडाला ठिगळ झाळून दिले. ताईने लाख खरवडून काढली आणि मला राखेने घासले. मी कोनाड्यात गेलो. त्या रात्री माझ्यात नळाचे पाणी होते. मला लांबलचक काळोखाचे स्वप्न पडले आणि शेवटी उजेडाचे.

काही दिवसांनी बरोबरकाका धापा टाकत जिना चढून आले. त्यांना महाराज हवे होते, तांब्या हवा होता, आणि त्यांना रडूही आवरत नव्हते. ते बोलायला तोंड उघडणार तोच ताई म्हणाली, "आधी पाणी प्या, मग बोलू." काका माझ्यावर वाकले. मी त्यांना पहिल्यांदाच खालून पाहिले. घामेजलेला, दमलेला, घाबरलेला साधा माणूस. ते घटाघटा पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले. जाताना त्यांनी मला मागितले नाही. त्या दिवशी ते एकदाही "बरोबर" म्हणाले नाहीत.

आता ताई नाही. तिच्यामागोमाग तोही गेला, याच खोलीत. ते कुठे गेले हे मला विचारू नका. शेजारची सून आता यंत्र चालवते आणि मला आठवणीने घासते. तिच्या पोरांनी मला आणखी दोन पोचे पाडले आहेत, त्यामुळे मला आता पुष्कळ बाजू झाल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे काही जुने असेल तर त्याला काचेत बसवू नका. वापरा, घासा, पडले तर उचला, फुटले तर ठिगळ लावा. उसने आणले असेल तर आजच परत करा, कारण तिकडे कुणी तरी कोनाडा रिकामा ठेवून बसलेले असते. आणि कुणी रडत रडत तुम्हाला असे काही विचारले की ज्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक नाही, तर घाबरू नका. त्याचे ओठ सुकलेत का ते बघा. मला तेवढे भरून ठेवा.